नेहमीचा माल

सकाळी दहा-अकराच्या सुमारास तुर्भ्याच्या दाणा बाजारात गाळ्यागाळ्यांतून फोन वाजायला लागतात. पलीकडे एखादा किराणा दुकानदार असतो, खानावळवाला असतो, कधी कँटीनचा ठेकेदार. तो म्हणतो, ‘दहा कोलम, पाच तूर, नेहमीचं. आजच्या गाडीत टाका.’ एवढं बोलून तो फोन ठेवतो. गाळ्यात टेबलामागे बसलेला मेहताजी वही पुढे ओढतो आणि ऐकलं त्याच्या कितीतरी पट अधिक लिहितो. कोलम वाडा की सुरती, कट्टा पंचवीसचा की तिशीचा, तूरडाळ कोणत्या मार्क्याची, भाव कालच्या बोलणीचा की आज उघडलेला, टेम्पो कोणाचा, पार्टीकडून मागचं येणं किती आणि ते किती दिवसांचं. फोनवर यातलं जवळजवळ काहीच बोललं गेलेलं नसतं. तरी दुपारी माल गाडीत चढतो, संध्याकाळी दुकानात उतरतो आणि परत येत नाही.

बाजारात याला मेहताजी म्हणतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत तो ऑर्डर क्लार्क असतो, हल्लीच्या जाहिरातींत सेल्स कोऑर्डिनेटर किंवा बॅक ऑफिस. काम मूळचं एकच: गिऱ्हाइकाची मागणी ऐकायची, ती पुरी करायची, गोदामाला आणि हिशेबाला समजेल अशा रूपात उतरवायची आणि माल पोचेपर्यंत तिच्यामागे राहायचं. या कामाला आता भविष्य नाही असं सर्रास म्हटलं जातं. ऑर्डर मोबाइलवर येते, बिल टॅलीत बनतं, साठा संगणक सांगतो, मग मधला माणूस कशाला? मला हे निदान अर्धवट वाटतं. या नोकरीत पुढे काय, याचा निकाल यंत्र लावणार नाही. या माणसाचं ज्ञान त्याच्या नावावर मांडलं जातं की नाही, यावर तो लागेल. आजवर ते मांडलं गेलेलं नाही आणि हा कारकून मागे राहिला तो त्यामुळे.

आधी ते ज्ञान कसलं, ते पाहू. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ ची. मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट इथले घाऊक बाजार एकेक करून खाडीपलीकडे आले. कांदा-बटाटा आधी आला, मग मसाला आणि दाणा, आणि १९९६ मध्ये भाजी-फळं. आज पाच बाजार शेजारीशेजारी उभे आहेत आणि प्रत्येकाची मागणी मांडण्याची भाषा वेगळी. कांद्यात मोठा, मध्यम, गोल्टा, गोल्टी. हापूसमध्ये पेटी किती डझनी, फळ देवगडचं की रत्नागिरीचं, आणि ते आज खायचं की चार दिवसांनी. मसाला बाजारात मिरची मागणारा मिरची कधीच मागत नाही. त्याला रंग हवा असतो किंवा तिखटपणा हवा असतो. रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी गुंटूर, आणि कोल्हापूरकडचा मसालेवाला असेल तर संकेश्वरीची आठवण. आषाढी जवळ आली की साबुदाणा, भगर, शेंगदाणे; दिवाळीच्या आधी रवा, चणाडाळ, भाजके पोहे. कोणत्या पार्टीचं गिऱ्हाईक उपास किती पाळतं, कोणाच्या गल्लीत फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायका आहेत, हे मुरलेल्या मेहताजीला ठाऊक असतं, म्हणून पार्टीनं मागायच्या आत तो विचारतो, ‘यंदा पोहे कधी पाठवू?’ असं विचारायला कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. पाच-सात सणांची चक्रं त्या टेबलाशी बसून पाहिल्यावरच ते जमतं.

त्यावर कायद्याचे थर चढत गेले. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला. पाठोपाठ, एप्रिल २०१८ पासून, पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर पाठवायचा तर ई-वे बिल लागू लागलं. १८ जुलै २०२२ पासून लेबल लावून आधीच बांधलेल्या पंचवीस किलोपर्यंतच्या धान्याच्या, डाळींच्या, पिठाच्या पिशवीवर पाच टक्के कर बसला आणि त्याहून मोठी पिशवी त्यातून सुटली. त्या निर्णयाविरुद्ध देशभरच्या धान्य व्यापाऱ्यांनी बंद पाळला, बातम्या आल्या आणि विरल्या. गाळ्यातल्या टेबलावर मात्र तो निर्णय रोजचा प्रश्न होऊन राहिला. पार्टी म्हणते दहा कट्टे. पंचवीसचे लिहिले तर बिल वेगळं, तिशीचे लिहिले तर वेगळं, आणि चुकीचे लिहिले तर दुकानदार माल परत पाठवणार आणि गाडीभाड्यावरून भांडण होणार. अर्थमंत्रालयाची अधिसूचना शेवटी कोणाच्या तरी पेनाच्या टोकाशी येऊन थांबते. ते पेन या माणसाच्या हातात असतं.

आता यंत्राचा आक्षेप, आणि तो हलका नाही. ऑर्डर घेणारा माणूस काढून टाकण्याचा देशातला एक मोठा प्रयोग याच भागात झाला. ऑनलाइन किराणा विकणाऱ्या जिओमार्टची सुरुवातीची चाचणी नवी मुंबई, ठाणे, कल्याण या भागात झाली आणि एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, व्हॉट्सअॅपवरून ऑर्डर घेण्याचा प्रयोगही इथेच सुरू झाला. ज्या कंपनीचा हा उद्योग, तिचा विस्तीर्ण परिसर घणसोलीला, दाणा बाजारापासून काही किलोमीटरवर. अमेरिकेचा श्रम सांख्यिकी विभाग तर ऑर्डर क्लार्क हा पेशा घटत जाणाऱ्यांच्या यादीतच मांडतो. वहीत ऐकलेलं उतरवणं, उतरवलेलं टंकणं, टंकलेल्याची प्रत फाइलला लावणं एवढंच ज्याचं काम आहे त्याची जागा जाईल, काही ठिकाणी गेलीच आहे. ती वाचवता येईल असा दिलासा मी देणार नाही.

पण गेलं ते लिहिणं. ‘नेहमीचं पाठवा’ याचा अर्थ लावणं गेलेलं नाही. यावर लगेच सांगितलं जातं की तेही अॅपला येतं. मागची ऑर्डर पुन्हा पाठवण्याचं बटण आहेच. ते बटण मागची ऑर्डर हुबेहूब पुन्हा पाठवतं. मागच्या वेळी दुकानदाराने मुलीच्या लग्नासाठी जास्तीची साखर नेली होती, किंवा त्या खेपेची डाळ शिजायला वेळ घेत होती म्हणून त्याने कुरकुर केली होती, हे त्या नोंदीत नसतं. पुरेशी माहिती ओतली तर उद्याचं यंत्र हेही शिकेल, असं कोणी म्हणेल. शिकेलही, मी ते नाकारत नाही. तरी एक गोष्ट उरते. माल चुकला, पाऊस लागून पोती भिजली, गाडी वाशीच्या पुलावर अडकली, तर उत्तर कोणी द्यायचं? दुकानदाराला त्या वेळी ज्याने शब्द घेतला तो माणूस लागतो: ‘दोन कट्टे बदलून देतो, बिलात कापून घेतो’ असं म्हणू शकणारा आणि म्हटलेलं पाळणारा. ज्या व्यवहारात उधारी आहे तिथे अशा माणसाची गरज संपत नाही. आणि आपला घाऊक व्यापार आजही मोठ्या प्रमाणात उधारीवर चालतो.

हे काम इतकं मोलाचं, तर त्याला मोल का नाही? याचं उत्तर त्याच बाजारात, मेहताजीच्या टेबलापासून चार हातांवर मिळतं. गाळ्यासमोर गाडीतून पोती उतरवणारा माथाडी उभा असतो. सातारा-सांगलीकडून, पाटण-जावळीच्या डोंगरातून आलेल्या या माणसांची एकेकाळी काय अवस्था होती, ते महाराष्ट्राला माहीत आहे. धनी एक नाही, काम रोजचं, हजेरी नाही, पाठ मोडली तर विचारणारं कोणी नाही. कामगार नेते अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना एकत्र केलं, लढे झाले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. त्या कायद्याची युक्ती मला आजही विलक्षण वाटते. कुठलाही एक व्यापारी या हमालाचा मालक नाही ही जी त्याची दुबळी बाजू होती, तिच्यावरच कायद्याने इमारत उभी केली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही या कायद्याखालच्या माथाडी मंडळाकडे भरायची. मंडळाने कामगाराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस द्यायचा. त्यातून कोपरखैरण्याला रुग्णालय उभं राहिलं, कोपरखैरणे-घणसोलीकडे माथाडींची घरं झाली. अंमलबजावणीत खोट आहे, लेव्ही बुडवली जाते, माथाडीच्या नावाखाली भलतेच लोक घुसतात, अशा तक्रारी आहेत आणि त्यांतल्या काही खऱ्या आहेत. पण डोक्यावर पोतं वाहणाऱ्या माणसाला म्हातारपणाची रक्कम आणि हक्काचा दवाखाना मिळावा, हे या राज्याने आधी ठरवलं आणि मग करून दाखवलं.

त्या कायद्याच्या अनुसूचीत कामांची यादी आहे. चढवणं-उतरवणं, वाहणं, थप्पी लावणं यांच्या बरोबरीनं तोलणं, मोजणं, भरणं, शिवणं, निवडणं हेही तिच्यात आहे. लिहिणं नाही. ते असायचं कारणही नव्हतं, कारण कायदा अंगमेहनतीच्या कामगारांसाठी होता. पण परिणाम पाहा. एकच पोतं गाळ्यातून बाहेर पडतं. ते शिवणारा, तोलणारा, उचलणारा यांच्यामागे मंडळ आहे. ते कुठे जायचं, कोणत्या भावानं, कोणाच्या भरवशावर, हे ठरवून लिहिणाऱ्यामागे फक्त शेठची मर्जी आहे. भविष्यनिर्वाह निधी लागू व्हायला आस्थापनेत वीस माणसं लागतात, राज्य विमा योजनेला दहा. एका गाळ्यात टेबलाशी बसणारी माणसं तीन-चार. दुकानांच्या नोकरांसाठी मुंबई इलाख्यात १९३९ मध्येच कायदा झाला आणि १९४८ चा त्याच्यानंतर आला. कामाचे तास आणि आठवड्याची सुट्टी ही त्यांची देणगी. पण २०१७ च्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांना नोंदणीतून मोकळं केलं आणि त्यांच्याकडून नुसती माहिती कळवण्याची अपेक्षा ठेवली. व्यापार सुलभ व्हावा हा त्यामागचा हेतू मला समजतो. गाळ्यातला मेहताजी मात्र त्यामुळे कायद्याच्या नजरेआड आणखी थोडा सरकला.

माथाडीचं ओझं दिसतं. ते किलोत मोजता येतं, त्यावर दर ठरतो, दरावर लेव्ही ठरते. मेहताजीचं ओझं डोक्याच्या आत असतं आणि ते गाळ्याची पत म्हणून शेठच्या नावावर जमा होतं. पंधरा वर्षं एकाच पेढीत काढलेला माणूस दुसरीकडे नोकरी मागायला गेला तर हातात दाखवायला काय असतं? बी.कॉम.चं प्रमाणपत्र, टायपिंगचं, फार तर टॅलीच्या क्लासचं. पार्ट्यांची नस ओळखण्याची, बुडणारी उधारी आधी हुंगण्याची, मालाचा दर्जा शब्दांत बिनचूक उतरवण्याची त्याची कसबं कुठल्याच कागदावर नसतात. म्हणून तो पुन्हा नवशिक्याच्या पगाराशी तुलला जातो. या नोकरीला पुढे वाट नाही असं आपण म्हणतो त्याचा खरा अर्थ हा आहे.

कोणी म्हणेल, पूर्वी तर वाट होती. मेहताजी असता असता माणूस माल शिकायचा, पार्ट्या ओळखायचा, मग स्वतःची दलाली सुरू करायचा; बाजारातल्या कित्येक पेढ्या अशाच उभ्या राहिल्या. हे खरं आहे आणि त्या वाटेची मला कदर आहे. पण तिच्या भरवशावर आजच्या मुलाला बसवणं बरोबर नाही. गाळा घ्यायचा, परवाना काढायचा, उधारीवर माल फिरवायला भांडवल उभं करायचं, हे पगारातून साठवून जमण्याच्या पलीकडे गेलं आहे. त्यात बाजाराची एकाधिकाराची चौकटही सैल झाली. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला. थेट विक्री वाढली, माल परस्पर भिवंडीच्या गोदामांत आणि मॉलांत जाऊ लागला. ज्या वाटेच्या टोकाला स्वतःचा गाळा होता, तिचं टोकच धूसर झालं आहे. आणि शंभरांतल्या दोघांना मालक करणारी वाट उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचं काय, याचं उत्तर तेव्हाही देत नव्हती.

यंत्र आलं तरी कारकुनाला वाट राहू शकते, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. बँकांत संगणक यायचा होता तेव्हा केवढं वादळ उठलं होतं. १९८३ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, पुढच्या वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला आणि हळूहळू जाडजूड लेजरं काउंटरवरून गेली. कारकुनांची संख्या पुढे आटली, हे खरं. पण जो राहिला त्याच्यासाठी पायऱ्या लिहिलेल्या होत्या: बँकिंगच्या परीक्षा दिल्या तर वेतनवाढ, बढतीची परीक्षा दिली तर अधिकारीपद. आज स्टेट बँकेत त्याच पदाला ज्युनिअर असोसिएट म्हणतात आणि काम लेजर लिहिण्यापेक्षा माणसांशी बोलण्याचं आहे. यंत्र दोन्हीकडे आलं, बँकेतही आणि गाळ्यातही. बँकेत ते कराराच्या वाटेनं आलं. गाळ्यात एक दिवस शेठचा मुलगा लॅपटॉप घेऊन आला आणि काय बदललं, कोणाचं काय होणार, यावर कोणाशीच बोलणं झालं नाही.

बँक मोठी, सरकारी, संघटित; चार माणसांच्या गाळ्याला हे ओझं कसं झेपणार, हा आक्षेप मला सर्वांत सच्चा वाटतो. भुसार मालाच्या व्यापारात नफा थेंबाथेंबानं मिळतो आणि उधारी बुडाली तर वर्ष जातं. एकट्या व्यापाऱ्यावर निवृत्तिवेतनाचा भार टाका असं कोणी म्हटलं तर मी त्याच्या बाजूनं उभा राहणार नाही. पण नेमका हाच पेच माथाडींच्या बाबतीत १९६९ मध्ये सोडवला गेला, याच व्यापाऱ्यांच्या वाडवडिलांबरोबर आणि याच मालावर. एकटा धनी लहान असला तरी बाजार लहान नसतो. थोडीथोडी वर्गणी एका मंडळात जमली तर ती पेलवते, आणि माणसानं गाळा बदलला तरी त्याची नोंद आणि निधी त्याच्याबरोबर जातो. मेहताजीसाठी याच्या निम्मी व्यवस्था झाली तरी या नोकरीचा नूर पालटेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या श्रमसंहितांत नेमणूकपत्रावर भर आहे. ते कागदाचं पान गाळ्यापर्यंत पोचवायची जबाबदारी कोणी तरी घेतली पाहिजे.

मेहताजी स्वतःला कामगार समजत नाही, तो शेठच्या टेबलाशी बसतो, शेठच्या घरच्या लग्नात राबतो, मग तो संघटित कसा होणार, असंही ऐकू येतं. या जवळिकीला मी कमी लेखत नाही. तिच्यात आजारपणात मदत झालेली असते, मुलांच्या फीला उचल मिळालेली असते. पण मदत मागावी लागते. ती मिळेल की नाही हे त्या दिवशीच्या बाजारावर आणि शेठच्या मनावर अवलंबून असतं, आणि शेठ गेला, मुलानं धंदा बदलला की तिचा हिशेब कोणाकडेच राहत नाही. माया आणि हक्क एका गाळ्यात नांदू शकतात. माथाडी आणि व्यापारी यांच्यातही जिव्हाळ्याचे संबंध आहेतच की, आणि मंडळामुळे ते तुटलेले नाहीत.

म्हणून या नोकरीकडे निघालेल्या मुलामुलींना मी परावृत्त करणार नाही. तुर्भे, पावणे, रबाळे, महापे इथल्या कारखान्यांना मालाची भाषा जाणणारी आणि संगणकही चालवणारी माणसं लागणार आहेत, न्हावा-शेव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या मालाची कागदपत्रं सांभाळणारी लागणार आहेत. मात्र नुसतं टंकायला जाऊ नका. माल हाताळून ओळखा, कराची कलमं स्वतः वाचा, पार्टीशी बोलायला शिका, आणि पहिल्याच महिन्यात नेमणुकीचा कागद मागा. नोकरी सोडताना दाखल्यात ‘काम समाधानकारक’ एवढीच ओळ घेऊ नका. कोणता माल, किती पार्ट्या, किती वसुली सांभाळली, ते लिहून घ्या. आणि व्यापारी मंडळींना विनंती की तो दाखला हात न आखडता द्या. मुंबई बाजार समितीच्या संचालक मंडळात आजवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आले, पाचही बाजारांतल्या व्यापाऱ्यांचे आले, हमाल-मापाड्यांनाही एक जागा मिळाली. समितीच्या त्याच टेबलावर मेहताजींच्या नोंदणीचा आणि निधीचा विषय यायला हवा. तो मांडायला नवा कायदा होईपर्यंत थांबायचं कारण नाही. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवरही तो घेता येईल.